तात्पुरती काढलेली ओळ

ऑफिसात त्यांना सगळे आत्या म्हणत. मालक त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा, तोसुद्धा. मालकाची मुलगी लहान असताना शाळा सुटली की ऑफिसात येऊन यांच्या टेबलाखाली बसायची आणि यांना आत्या म्हणायची. तिचं ऐकून टायपिस्ट म्हणायला लागली, तिचं ऐकून बाकीचे. मुलगी मोठी झाली, लग्न करून लांब गेली. आत्या टेबलापाशी होत्या त्या तिथेच राहिल्या.

वय सत्तावन्न. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलंच तर "वेळ झाला नाही" म्हणून त्या पुन्हा पडद्याकडे वळत, आणि ते खोटं नव्हतं. राहायला थोरल्या भावाजवळ, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दादा आयुष्यभर नकाशे काढून निवृत्त झालेले, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. बहीण काय काम करते हे त्यांना तीस वर्षांत नीट कळलं नव्हतं. शेजारी विचारायचे तेव्हा ते सांगत, "आमची ही पेट्यांना शहाणं करते." आत्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. बरंचसं खरं होतं.

कंपनी एकोणीस माणसांची. खाली टायरचं दुकान, वर दोन मजले यांचे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवायच्या काचेच्या गरम पेट्या तिथे तयार होत. पेटीत एक हीटर, ऊब सगळीकडे खेळवणारा पंखा, तापमान मोजणारा सेन्सर, आणि ऊब कमी झाली की वॉर्ड डोक्यावर घेणारा बझर. हे सगळं सांभाळणाऱ्या चिपमध्ये जो प्रोग्रॅम चालतो, त्याचा अगदी तळाचा थर आत्यांचा.

आता इथे थोडं यंत्राचं सांगणं भाग आहे. अवघड नाही, अवघड असल्याचा आव आणणारेच फार. पेटी सुरू केली की सगळ्यात आधी जागा होतो तो कर्नल, म्हणजे बाकी सगळ्यांवर देखरेख करणारा मुख्य प्रोग्रॅम. प्रत्येक भागाचा एक ड्रायव्हर असतो, म्हणजे त्या भागाला कसं वागवायचं ते ठाऊक असलेला छोटा प्रोग्रॅम. तो कर्नलपुढे येऊन नाव नोंदवतो: मी पंख्याचा, मला अमुक पत्ता द्या. पत्ता म्हणजे चिपमधली जागा, जिथे लिहिलं की पंखा हलतो. कर्नल तो पत्ता त्याच्या नावे लावतो. मागाहून दुसरा कोणी तोच पत्ता मागायला आला, तर त्याला सरळ परत पाठवतो: दिलेला आहे.

या चिपमध्ये एक मेख होती. बनवणाऱ्यांनी जागा वाचवायला पंखा आणि बझर दोघांनाही एकाच रजिस्टरमध्ये कोंबलं होतं. रजिस्टर म्हणजे आठ खटक्यांची एक पट्टी समजा. पाच खटके पंख्याच्या वेगाचे, सहावा बझरचा, दोन रिकामे. आणि एकटा एक खटका हलवायची सोय नाही. आठही वाचायचे, मनातल्या मनात आपला बदलायचा, आणि आठही परत लिहायचे. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं समजेल.

त्या सोमवारी सकाळी मालकाने आत्यांच्या टेबलावर एक पत्र ठेवलं.

"एवढी एक सही करून टाका, आत्या. दुपारच्या टपालात घालतो."

पत्र एका रुग्णालयाला जायचं होतं. तिथे यांच्या अकरा पेट्या होत्या. सोळा दिवसांपूर्वी सकाळी त्यांतल्या एकीची हीटरची तार सुटली आणि आतलं बाळ गार पडत गेलं. अकरा मिनिटं. वॉर्डातल्या सिस्टरचा हात सहज आत गेला, पावलं थंडगार लागली, म्हणून कळलं. बाळ दोन दिवस हातातून जातं की काय असं होतं, तिसऱ्या दिवशी सावरलं. चौकशी लागली. पेटी स्वतःची जी नोंद ठेवते, जिला सगळे लॉग म्हणतात, ती रुग्णालयाने कंपनीकडून मागवून घेतली. त्यात स्वच्छ होतं: दहा बेचाळीस, अलार्म, बझर चालू. म्हणजे पेटी अकरा मिनिटं कोकलत होती आणि सिस्टरने लक्ष दिलं नाही, किंवा ती जागेवरच नव्हती. तिला घरी बसवलं होतं. शुक्रवारी निकाल. त्याआधी कंपनीने लिहून द्यायचं होतं की लॉग बरोबर आहे आणि अलार्म वाजलेला आहे.

आत्या न वाचता सही करत नसत. पत्रामागे चार कागद जोडलेले होते, चारही वाचले. शेवटचा सिस्टरचा जबाब होता. हाताने लिहिलेला, ठळक, एका दमात. त्यातलं एक वाक्य त्यांनी दोनदा वाचलं: पेटीने अजिबात आवाज केला नाही, पंख्याचा सूर मात्र चढला होता तो मी ऐकला, माझी पाठ होती.

"काय झालं?" मालक म्हणाला.

"सही नंतर."

"आत्या, दोन ओळी आहेत."

"दोन ओळींनाच फार वेळ लागतो," आत्या म्हणाल्या आणि खुर्ची फिरवून शेजारच्या टेबलाकडे वळल्या. तिथे चष्मेवाला बसे. चाळिशीतला, हुशार, जरा तोंडाळ. गेल्या वर्षी पंख्याचं काम त्यानेच केलं होतं. आधी पंखा एकाच वेगाने फिरायचा. याने असं केलं की ऊब उतरली की वेग वाढावा आणि सेकंदाला पन्नास वेळा जुळवून घ्यावा. चांगलं काम होतं.

"हे वाच."

त्याने वाचलं. "बाई खोटं बोलतेय. लॉगमध्ये आहे ना बझर चालू."

"खोटं बोलणारीने पंखा कशाला मध्ये आणला असता? तिने म्हटलं असतं, मला काहीच ऐकू आलं नाही."

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. त्याला उत्तर सुचत नसलं की तो तेच करी.

"पंखा आणि बझर एका पट्टीत आहेत," आत्या म्हणाल्या. "तू सेकंदाला पन्नास वेळा ती पट्टी लिहितोस. मधे बझरने आपला खटका वर केला तर? तुझ्या हातात आधीच वाचलेली पट्टी असणार. तू ती जशीच्या तशी परत लिहिणार, बझरचा खटका खाली. कुलूप घातलंस का तिथे? एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, हे?"

"कोणाविरुद्ध घालू? तो पत्ता पंख्याचा एकट्याचा आहे. नोंदणीची यादी बघा ना."

यादी पाहिली. खरंच, त्या पत्त्यापुढे एकच नाव होतं. बझरच्या नावापुढे पत्ताच नव्हता.

"मग बझर वाजतो कसा? देवाच्या कृपेने?"

"ते माझ्या आधीचं आहे, आत्या."

"आधीचं, आधीचं! आलात की पहिला शब्द हाच. दुसऱ्याच्या घरात भिंत पाडताना आत कोण राहतंय ते बघत नाही का माणूस? तुम्हा लोकांना काम उरकायची घाई." हे आत्या मोठ्याने बोलल्या, सगळ्यांदेखत. टायपिस्टने मान खाली घातली. चष्मेवाला लालबुंद झाला, पण उलटून बोलला नाही. मोठेपणाचा तेवढा मान तो ठेवत असे, आणि त्या दिवशी तो न ठेवता तरी चाललं असतं.

संशय आला म्हणून कोणाची नोकरी वाचत नाही. दाखवून द्यायला हवं. आत्यांनी एक पेटी टेबलावर घेतली, सेन्सरच्या जागी एक छोटा बोर्ड जोडला जो पेटीला खोटंच सांगे की ऊब गेली, ऊब आली, मिनिटाला वीस वेळा. बझरच्या तोंडाशी एक माइक लावला. लॉग म्हणतो चालू आणि माइकला ऐकू आलं नाही, असं झालं की सगळं तिथल्या तिथे थांबायचं.

आणि मग पेटी रडायला लागली. सोमवार सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मंगळवारी पूर्ण दिवस. लोकांनी कानात कापूस घातला. टायपिस्ट जिन्यात जाऊन फोन घ्यायला लागली. मंगळवारी दुपारी खालचा टायरवाला वर आला, दारातच उभा राहिला.

"कोणाचं पोर आहे हो? दोन दिवस झाले, दूध तरी पाजा त्याला!"

"शुक्रवारपर्यंत कळ काढा," आत्या म्हणाल्या.

"माझं गिऱ्हाईक पळतंय."

"तेही शुक्रवारी येईल."

तो हसला आणि गेला. आत्या हसल्या नाहीत. त्यांना कापूसही नको होता. प्रत्येक किंकाळीला त्यांचं बोट टेबलावर आपोआप पडत होतं.

बुधवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी खोली गप्प झाली.

"सुटलो एकदाचे!" चष्मेवाला खुर्चीत मागे रेलला. टायपिस्टने कापूस काढला. आतून कोणीतरी टाळी वाजवली. अडीच दिवसांनी पंख्याची घरघर ऐकू येत होती, जरा चढलेली, एकसारखी. आत्या मात्र जागेवरून हलल्या नव्हत्या. पडद्यावर खेपेचा आकडा थांबला होता, एकवीस हजार चारशे सहा. त्याखाली ऊब उतरल्याची खूण. त्याखाली लॉग: अलार्म, बझर चालू. आणि पेटी टेबलावर गप्प.

चष्मेवाला त्यांच्या चेहऱ्याकडे बघून उठला, मागे येऊन उभा राहिला. हळू म्हणाला, "तिने हेच ऐकलं."

"हेच ऐकलं नाही," आत्या म्हणाल्या.

बझरच्या ड्रायव्हरला वाटत होतं, मी खटका वर केला, तो वरच आहे. म्हणून त्याने पुन्हा बघितलंही नाही. लॉगने आज्ञा लिहून घेतली होती. आज्ञेचं पुढे काय झालं ते त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

आता एकच राहिलं. बझरचा पत्ता यादीतून कोणी काढला? प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीची जन्मतारीख जपलेली असते, कोणी लिहिली, कोणी खोडली. आत्यांची खात्री होती की हे काम त्या लांब केसांच्या गृहस्थाचं, जो दोन वर्षं राहिला आणि कंटाळून निघून गेला. त्यांनी तो इतिहास उघडला.

नऊ वर्षांपूर्वीची तारीख. पत्ता मागणारी ओळ खोडलेली. शेजारी टीप: तात्पुरतं, नंतर नीट करणे. नाव त्यांचंच.

चष्मेवाला मागेच उभा होता. त्यालाही दिसलं. त्याने चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला.

आत्यांना सगळं आठवलं, आणि हळूहळू नाही, एकदम. दुसऱ्या दिवशी पेटी मोठ्या डॉक्टरांना दाखवायची होती. पंख्याने नोंद करून पत्ता घेतला होता. बझर मागायला गेला की कर्नल म्हणायचा, दिलेला आहे. दहादा मागितला, दहादा तेच. नीट करायचं तर कसं, हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं. दोघांच्या वर एक तिसरा नेमायचा. पत्ता त्या तिसऱ्याच्या नावे, पंखा आणि बझर त्याची पोरं म्हणून खाली नोंदवायची, पोरांना पत्ता नाही. ज्याला खटका हलवायचा त्याने वरच्याला सांगायचं, वरचा एकेकाचं ऐकणार. आठवड्याचं काम होतं आणि हातात एक संध्याकाळ. म्हणून त्यांनी मागणारी ओळच काढली. विचारलंच नाही तर नाही म्हणणार कोण? बझर न विचारता पट्टीवर जाऊन लिहायला लागला. पंखा तेव्हा सुरू होताना एकदाच लिहायचा, मग गप्प. टक्कर होणार कशी? दुसऱ्या दिवशी बझर खणखणीत वाजला. डॉक्टर खूश, मालक खूश. आणि ते नंतर आलंच नाही. नवं काम आलं, त्यापुढचं आलं. ती टीप तिथेच पडून राहिली, आणि आत्या तिच्यावरून कितीदा तरी पुढे गेल्या असतील.

"सोमवारी मी तुला बोलले," त्या म्हणाल्या.

"जाऊ द्या."

"जाऊ काय द्या? सगळ्यांदेखत बोलले." त्या उठल्या. खोलीत पाच माणसं होती. "ऐका. सोमवारी मी याच्यावर ओरडले. चूक याची नाही, माझी आहे. नऊ वर्षांपूर्वीची." एवढं बोलून त्या मालकाच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मालक वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकलं, मग टेबलावरचा कागददाब बाजूला सारला.

"दुरुस्ती किती दिवसांत होईल?"

"आठ दिवस. तोवर पंखा जुन्यासारखा एका वेगावर बांधून टाकता येईल, ते उद्या होईल. सगळ्या पेट्यांना. चारशे बारा आहेत."

"ते करू. उद्याच करू. ते पत्रही नको पाठवायला, सहीच नको. विषय संपला."

"आणि सिस्टर?"

"ती त्यांची आतली चौकशी आहे, आत्या. आपण गप्प राहायचं."

"आपण गप्प राहिलो की लॉग बोलतो. त्यांच्याकडे दुसरा पुरावाच नाही."

"एकोणीस घरं चालतात या दोन मजल्यांवर." त्याचा आवाज चढला. "तुम्हाला सात महिने राहिलेत निवृत्तीला. कोणी विचारलेलं नसताना आपण होऊन जाऊन सांगणार, आमची पेटी मुकी झाली म्हणून? उद्या पेटी कोण घेईल?"

"मुक्या पेटीत बाळ कोण ठेवेल?"

मालक खुर्चीतून उठला. म्हणाला, "मी तुम्हाला जा म्हणणार नाही."

"मी विचारायला आलेच नव्हते. सांगायला आले होते."

घरी दादांना त्यांनी जेवताना सांगितलं. दादांना पट्टी कळली नाही, खटके कळले नाहीत, पण पोरगी चुकली आहे आणि ते ती चारचौघांत सांगायला निघाली आहे, एवढं बरोबर कळलं.

"जाऊ नकोस," दादा म्हणाले. "नऊ वर्षं कोणाला कळलं नाही."

"म्हणूनच."

"बाळ वाचलं ना?"

"वाचलं. तिच्या हातामुळे. माझ्यामुळे नाही."

"हट्टी आहेस. आईवर गेलीस." दादा ताट उचलून आत गेले. नंतर पूर्ण गुरुवार ते बहिणीशी धड बोलले नाहीत. शुक्रवारी सकाळी आत्या निघाल्या तेव्हा दाराशी त्यांचे काळे बूट ठेवलेले होते, पॉलिश केलेले, नाडीसकट चकचकीत. दादा खिडकीशी पेपर वाचत होते, पेपर उलटा नव्हता एवढंच.

रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली. टेबलाच्या एका बाजूला तिघं: बालरोगाचे मोठे डॉक्टर, प्रशासनाच्या एक बाई, आणि लिहून घेणारा. दुसऱ्या टोकाला सिस्टर. पन्नाशीच्या आतबाहेरची, रुंद हाडांची, हात मांडीवर घट्ट. साध्या कपड्यांत होती, आणि त्या कपड्यांत ती अवघडली होती. आत्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने बघितलं नाही.

"कंपनीचं पत्र आणलंत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. पत्र देता येणार नाही. लॉग खोटा आहे."

त्यांना दहा मिनिटं दिली होती. आत्यांनी कर्नलपासून सुरुवात केली, आणि तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या ध्यानात आलं की समोरची माणसं आदराने ऐकताहेत आणि काही कळत नाही. प्रशासनाच्या बाई घड्याळाकडे बघत होत्या. आत्यांनी खटक्यांची पट्टी काढून दाखवली. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे बझर बिघडला होता?" "नाही." "मग पंखा?" "नाही. दोन्ही नीट होते." "मग बिघडलं काय?"

आत्या पट्टीचं चित्र पुन्हा पहिल्यापासून काढायला लागल्या.

"वॉर्डातल्या फळ्यासारखं आहे का?" टेबलाच्या टोकाकडून आवाज आला. सिस्टर बोलली होती, अजूनही मांडीवरच्या हातांकडे बघत.

"कसला फळा?"

"आमच्या वॉर्डात पांढरा फळा आहे. कुठल्या बाळाला किती दूध, कधी औषध. पूर्वी सगळ्याच लिहायच्या. एक यायची, फळा वाचायची, बाळाकडे जाऊन यायची आणि लक्षात असेल तसा पूर्ण फळा पुसून नवा लिहायची. मधल्या वेळात दुसरीने काही लिहिलं असेल तर ते गेलं. लिहिणारीला वाटायचं, मी लिहिलंय. फळ्यावर नसायचंच." तिने मान वर केली. "एकदा एका बाळाला औषध दोनदा गेलं. तेव्हापासून फळ्याचं पेन एकीच्याच खिशात. ज्या दिवशी जिची पाळी. बाकीच्यांनी तिला सांगायचं, ती लिहिणार."

आत्या तिच्याकडे वळल्या.

"हेच," आत्या म्हणाल्या. "अगदी हेच."

"मग तुमच्या पेटीत पेन कोणाकडे होतं?"

"दोघांकडे. पंख्याकडे आणि बझरकडे. बझरने लिहिलं वाजतोय म्हणून, आणि त्याच क्षणी पंख्याने जुना फळा परत लिहिला. पेटीने डायरीत लिहून ठेवलं की बझर वाजला. फळा कोणी वाचलाच नाही."

"दोघांना पेन दिलं कोणी?"

सिस्टरचा प्रश्न सरळ होता. तिला बहुधा वाटत होतं, कुठल्या तरी खात्याचं नाव येईल.

"मी," आत्या म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वी. एका संध्याकाळी, घाईत. नंतर नीट करीन म्हणून लिहून ठेवलं होतं. केलं नाही." त्यांनी पिशवीतून कागद काढले: बुधवारचा लॉग, माइकची नोंद, आणि त्या खोडलेल्या ओळीची तारीख आणि नाव. डॉक्टरांपुढे ठेवले. "तुमच्या सिस्टरनी जबाबात लिहिलं आहे की पंख्याचा सूर चढला होता. त्या एका वाक्यावरून हे सापडलं. जागेवर नसलेल्या माणसाला तो ऐकू आला नसता."

डॉक्टरांनी कागद सावकाश वाचले. लिहून घेणाऱ्याने विचारलं, हे शेवटचं नाव टिपणात घ्यायचं का. "घ्या," डॉक्टर बोलायच्या आत आत्या म्हणाल्या.

निकाल त्या दिवशी दिला नाही. मंगळवारी लेखी आला, सिस्टरला सन्मानाने परत बोलावल्याचा. पण शुक्रवारी बाहेर जिन्यात सिस्टर आत्यांसाठी थांबली होती.

"एकोणीस दिवस," ती म्हणाली. "घरी नवरा गप्प, सासूबाई गप्प. मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की मी बहिरी झाले. रोज सकाळी घड्याळ कानाला लावून बघायची, ऐकू येतंय का."

"माझं चुकलं," आत्या म्हणाल्या.

"तुम्ही आलात ते बरं केलंत. पण मी आभार मानणार नाही."

"मानू नका."

सिस्टर दोन पायऱ्या उतरली, थांबली. "नवीन बसवाल तेव्हा मला बोलवा. मी ऐकीन."

आठ दिवस म्हटले होते, अकरा लागले. आत्यांनी तो तिसरा लिहिला. पत्ता त्याच्या एकट्याच्या नावे नोंदवला. पंखा आणि बझर त्याच्याखाली, पत्त्याशिवाय. बझरला वाजायचं असेल तर वरच्याला सांगायचं. वरचा पट्टी वाचणार, बदलणार, लिहिणार, आणि ते होईपर्यंत पंख्याला थांबवून ठेवणार. लॉगलाही त्यांनी नवी सवय लावली: लिहून झाल्यावर पट्टी पुन्हा वाचायची, आणि वाचलेलं असेल तेच नोंदवायचं. सगळी ओळन् ओळ चष्मेवाल्यापुढे ठेवली.

"मी तपासू तुमचं?" तो म्हणाला.

"मग कोण? आणि तोंड बघून पास करू नकोस."

त्याने पास केलं नाही. दोन चुका काढल्या. एक खरी होती, दुसरीवर दोघं तासभर भांडले. टेबलावरची पेटी पुन्हा चार दिवस रडली, दोन वर्षांत वाजली नसती इतकी, आणि एकदाही मध्येच गप्प झाली नाही. टायरवाल्याने या खेपेला वर यायची तसदी घेतली नाही. शेवटी आत्यांनी ती नऊ वर्षांची टीप पुसली. पुसताना वाचली मात्र.

मालकाने सगळ्या रुग्णालयांना पत्र लिहिलं, खरं काय ते. दोन ठिकाणच्या पेट्या परत आल्या. आत्यांशी तो कामापुरतं बोलत राहिला, आणि उरलेल्या महिन्यांत कुठल्याही कागदावर त्यांची एकटीची सही घेतली नाही. आत्यांना ते लागलं. पण त्यांनी तक्रार केली नाही, कारण त्यांना ते योग्य वाटत होतं.

पेट्यांचा प्रोग्रॅम बदलला त्या दिवशी वॉर्डात सकाळचं ऊन होतं आणि खालच्या जिन्यावर कोणीतरी फरशी पुसत होतं. सिस्टर पांढऱ्या कपड्यांत होती. फळ्याचं पेन त्या दिवशी तिच्याच खिशात होतं. पहिली पेटी रिकामी केलेली, आत बाळाऐवजी कोमट पाण्याची पिशवी; बाकीच्या अशाच एकेक करून रिकाम्या होणार होत्या.

"तुम्ही तार काढा," सिस्टर म्हणाली. "मी बघणार नाही." आणि ती पेटीकडे पाठ करून उभी राहिली, दुसऱ्या बाळाचं अंथरूण नीट करत, त्या सकाळी केलं होतं तसंच.

आत्यांनी हीटरची तार सोडवली. पंखा चढला. एक, दोन, तीन सेकंद. मग पेटीने अशी किंकाळी फोडली की दारातून एक डॉक्टर डोकावला.

सिस्टरने वळून पाहिलं नाही. नुसता हात वर केला, ऐकू आलं म्हणून.

आत्यांनी तार जोडली, किंकाळी थांबली.

"परत," सिस्टर म्हणाली.

आत्यांनी पुन्हा तार सोडवली. पुन्हा हात वर झाला. "परत." अकरा पेट्यांपैकी प्रत्येकीशी, प्रत्येकीशी वीस वेळा, दोन प्रहर उलटेपर्यंत. आत्यांची बोटं सोलवटली. मध्ये कोणीतरी विचारलं, आता पुरे नाही का? आत्यांनी पुढची तार सोडवली.